चार वर्षांच्या लेकीला गाण्याच्या क्लासला घालायचंय, पण कुठल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजारामपुरीतल्या एका आईनं विचारलंय, मुलगी जूनमध्ये चार पूर्ण झाली, ज्युनिअर केजीत आहे, दिवसभर गुणगुणत असते, टीव्हीवरच्या जाहिरातीची चाल दोनदा ऐकली की म्हणते. चार ठिकाणी चौकशी केली. एक मोठी अकॅडमी, एसी खोली, प्रत्येक मुलापुढे कीबोर्ड, फी वर्षाची एकदम. दुसरा पेठेतला जुना गायन वर्ग, सर कडक, परीक्षेचा निकाल शंभर टक्के. तिसरा एका बाईंच्या घरी, त्याबद्दल शेजारीण म्हणाली "तिथं नुसतं नाचतात नि खेळतात, शिकवत काहीच नाहीत." चौथा ऑनलाइन. सासऱ्यांचं म्हणणं पेटीपासून सुरू करा, नवऱ्याला तबला पाहिजे, आणि आईला भीती की आत्ता नाही घातलं तर वय निघून जाईल.

मी अठ्ठावीस वर्षं बारक्या मुलांना गाणं शिकवतो (हो, आम्ही कोल्हापूरच्या बायका "शिकवतो"च म्हणतो, पुण्याची मंडळी हसतात, हसू देत). उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी वयाची भीती काढून टाकतो. वय निघून जात नाही. लहानपणी कान तयार होतो हे खरं, पण तो क्लासमध्येच तयार होतो असं कुणी सांगितलं? अकॅडमीच्या बोर्डावर "ब्रेन डेव्हलपमेंट" लिहिलेलं असतंय ना, त्याचं मूळ बरंचसं १९९३ सालच्या एका प्रयोगात आहे. कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, आणि त्यानंतर कागदाच्या घड्या ओळखण्यासारख्या एका प्रकारच्या कोड्यात ती थोडा वेळ, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, बरी निघाली. बस्स एवढंच. त्यात लहान मूल एकही नव्हतं आणि गाणं शिकणंही नव्हतं, नुसतं ऐकणं होतं. त्याचं पुढं इतकं पीक आलं की १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची कॅसेट नाहीतर सीडी द्यायला सरकारी पैसे मागितले. तेव्हा गणित सुधारेल, आयक्यू वाढेल म्हणून गाण्याला घालत असाल तर ते पैसे वाचवा. गाणं गाण्यासाठी शिकायचं असतंय.

"परफेक्ट पिच"चंही तसंच. कुठलाही स्वर नुसता ऐकून "हा अमुक" असं सांगता येणं, हे जमणारी बहुतेक माणसं सहा-सात वर्षांच्या आत संगीताला लागलेली असतात ही गोष्ट खरी आहे. पण आपल्या गाण्यात सा कुठंही धरता येतो, आज पेटीची काळी एक पट्टी, उद्या पांढरी दोन, आणि बाकीचे स्वर त्या सा च्या नात्यानं लागतात. आपल्याला नात्याचा कान लागतो. तो दहाव्या वर्षीही होतो, चाळिसाव्या वर्षीही होतो, माझ्याकडं रिटायर झालेल्या एक मावशी येतात त्यांचा सत्तरीत झाला.

आता मुद्द्याचं. चार वर्षांच्या मुलासाठी क्लास निवडताना वाद्य कुठलं, परीक्षा कुठली, खोली कसली हे सगळं नंतर बघा. पहिलं बघायचं ते एकच, शिकवणारं माणूस मुलाचं ऐकतंय का. म्हणजे कौतुकानं वगैरे नव्हे, खरोखर कानानं. पोरगी कुठल्या पट्टीत गातेय, तिची लय किती आहे, तिला कुठला स्वर लागत नाही, हे त्या माणसाला कळतंय का आणि कळल्यावर ते स्वतःला बदलतंय का. हे मी शहाणपणानं नाही सांगत, चुकून शिकलोय, आणि त्या चुकीचा त्रास दुसऱ्याच्या लेकराला झालाय.

माझी पहिली चार-पाच वर्षं. नुकती विशारद झालेलो, अंगात जोर, मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतलेली. माझा सा काळी चार, बहुतेक बायकांचा तिथंच कुठंतरी असतो, काळी चार नाहीतर पाच. मुलंही माझ्याबरोबर काळी चारमध्येच गायची, कारण मी तिथं गात होतो आणि पेटीवर माझी बोटं तिथं बसलेली होती. त्यात एक साडेचार वर्षांची मुलगी होती, तिला सा लागेचना. घुर्रर्र असा काहीतरी आवाज काढायची, रे पण तसाच, ग ला कुठं जरा वर यायची. मी दोन महिने तिच्याकडनं सा लावून घेत बसलो. शेवटी तिच्या आईला सांगितलं, "हिला सूर नाही हो, चित्रकलेला घाला." पोरीसमोर सांगितलं. त्यानंतर ती येत होती पण ओठ हलवायची फक्त, आवाज काढायची नाही.

मग एक दिवस क्लास सुटल्यावर खाली अंगणात झोपाळ्यावर ती एकटी गात बसलेली. भोंडल्याचं गाणं, आजीनं शिकवलेलं असणार. मी जिन्यात थांबलो. अगदी स्वच्छ सूर, एक स्वर इकडचा तिकडं नाही. वर जाऊन पेटीवर शोधलं तर तिचा सा पांढरी दोनला होता, माझ्या सा पासून बरोबर अर्ध्या सप्तकानं वर. म्हणजे दोन महिने मी तिला तिच्या आवाजाच्या तळाखालचा स्वर मागत होतो. तो तिच्या गळ्यात नव्हताच, ती देणार कुठनं?

ते पोरगं बेसूर नव्हतं, मी बहिरी होतो.

म्हणून हे जरा नीट समजून घ्या, क्लास बघायला जाल तेव्हा एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. तीन-चार-पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्यातल्या स्वरतारा एकदम बारक्या असतात, त्यामुळं आवाज वर बसलेला असतो आणि पल्ला छोटा असतो. कीबोर्डवर ज्याला मिडल सी म्हणतात, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, तिथनं वर पांढरी सहापर्यंत, हे साधारण त्यांचं घर. पाच-सहा स्वर. झोपाळ्यावर किंचाळताना ती याच्या कितीतरी वर जातात पण ते किंचाळणं झालं, गाणं नाही. आपल्या जुन्या बायकांना हे पुस्तक न वाचता माहीत होतं बघा, पावसाची, चांदोबाची, भोंडल्याची, फुगडीची गाणी घ्या, तीन-चार स्वरांच्या पुढं सहसा जात नाहीत आणि फिरून फिरून तिथंच येतात. त्याउलट सिनेमातली गाणी मोठ्यांच्या गळ्यासाठी केलेली असतात, त्यात दीड-दीड सप्तकाची उडी असते. गॅदरिंगला चार वर्षांच्या पोराच्या हातात माइक देऊन ते म्हणायला लावलं की ते खालचे स्वर बोलून टाकतं आणि वरचे ओरडून. लोक टाळ्या वाजवतात आणि पोराला वाटतं ओरडणं म्हणजेच गाणं.

पुरुष शिक्षक असले तर आणखी एक गंमत होते. सरांचा आवाज मुलाच्या एक सप्तक खाली. काही मुलं आपोआप वरच्या सप्तकात गातात, काही मात्र सरांसारखंच गायचं म्हणून गळा दाबून घोगरा आवाज काढतात. चांगले सर हे ओळखतात, ते एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीला पुढं बसवून तिच्या आवाजात ओळ म्हणून घेतात किंवा स्वतः बारीक आवाज काढून दाखवतात (मिशा असलेला माणूस बारीक आवाजात चिऊताई गातोय हे बघायला मुलं परत परत येतात, हा भाग वेगळा). सर पुरुष आहेत म्हणून नाकारू नका. फक्त विचारा, "हिचा सा कुठला आहे हो?" जो पेटीवर दोन-तीन पट्ट्या दाबून, मुलीकडनं एक ओळ म्हणून घेऊन मग सांगेल त्याच्याकडं घाला. "आमच्याकडं सगळे काळी एकमध्येच गातात" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

ट्रायल क्लास सगळेच देतात आता. पण ट्रायलला मुलाला एकटं आत सोडून बाहेर मोबाईल बघत बसू नका, मागं भिंतीला टेकून बसा. बसू देत नसतील तर तिथंच संपलं, एवढ्या लहान मुलांच्या वर्गात पालकांना मज्जाव करायचं संगीतातलं तरी काही कारण मला माहीत नाही. जपानमध्ये सुझुकी म्हणून होते, १८९८ ते १९९८ असं जवळजवळ शंभर वर्षं जगले, त्यांनी व्हायोलिन शिकवायची पद्धत काढली ती सगळी यावर उभी आहे की मूल मातृभाषा जशी शिकतं तसंच गाणं शिकतं, ऐकून ऐकून आणि घरातल्या माणसाचं बघून. त्या पद्धतीत आधी आईनं नाहीतर बापानं वाद्य धरायला शिकायचं, पोरगं नुसतं बघतंय, मग त्यालाच हाव सुटते. आपल्याकडं उलटं, आई बाहेर कट्ट्यावर आणि मूल आत.

तर मागं बसल्यावर काय बघायचं. घड्याळ लावा आणि मोजा, बाई किंवा सर किती वेळ बोलतात, किती वेळ गातात, आणि मुलं गात असताना किती वेळ नुसतं गप्प बसून ऐकतात. हे तिसरं शून्य असेल तर तो क्लास गर्दी सांभाळायचा आहे, गाण्याचा नाही. बरेच शिक्षक मुलांबरोबर सतत गात राहतात, वरनं पेटी मोठ्यानं, त्यामुळं एकूण आवाज छान येतो, पालक खूश, पण त्यात आपलं पोरगं काय गातंय ते खुद्द त्या पोराला पण ऐकू येत नसतंय. चांगली बाई एक ओळ गाईल, थांबेल, मुलांना म्हणू देईल, मग एखाद्याला "तू एकटा म्हण बरं" असं हळूच, खेळात, हिणवणं न करता. आणि मुलाची ओळ खाली गेली तर ती स्वतः खाली जाऊन त्याला तिथं गाठेल आणि मग हळूहळू वर घेऊन येईल. हे एकदा जरी दिसलं ना, तरी फी विचारून टाका.

लयीचंही तेच. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते, पायच आखूड, चालच तुरूतुरू. त्यांना विलंबित टाळ्या द्यायला लावल्या की दोन टाळ्यांच्या मध्ये ती हरवतात, मग आपण म्हणतो "तालाला कच्चा आहे." त्याला घरभर चालू द्या, त्याच्या पावलावर तुम्ही टाळी धरा, मग बघा तालाला कोण कच्चं ते. आपल्या गावात तर मुलांना ताल शिकवायची गरजच नाही म्हणा ना, आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, जत्रा बघा, नदीचं नवीन पाणी घेऊन बायका टेंबलाईच्या टेकडीकडं निघतात आणि पुढं ते पी-ढबाक वाजत असतंय, दोन वर्षांचं पोरगं कडेवर बसून अख्ख्या अंगानं त्या ठेक्यात हलत असतं. हलगी, लेझीम, झांज, सगळं रस्त्यावर आहे. तेच क्लासमध्ये पाहिजे, आधी अंगात ताल, मग हातात, मग तोंडात आणि सगळ्यात शेवटी कागदावर. स्वित्झर्लंडच्या दालक्रोझ नावाच्या माणसानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच पद्धतशीर मांडलं, संगीत आधी शरीरानं कळू द्या म्हणून, आणि हंगेरीत कोडाय यांनी सांगितलं वाद्याआधी गळा, आणि गळ्यात आधी आपल्या भाषेतली लोकगीतं. नावं परकी, गोष्ट आजीची.

म्हणजे तुमच्या शेजारणीनं ज्या तिसऱ्या क्लासबद्दल "नुसतं नाचतात" म्हटलंय ना, तो मी सगळ्यात आधी बघून आलो असतो. डोळे झाकून घाला असं नाही. नाचण्या-नाचण्यात फरक असतो. स्पीकरवर गाणी लावून मुलांना उड्या मारायला लावणं हा वेळ घालवायचा धंदा झाला, त्याला संगीत म्हणत नाहीत. पण बाई डफावर ठेका धरतायत, थांबल्या की मुलं पुतळा होतायत, ठेका हळू झाला की हत्ती, जलद झाला की ससा, स्वर वर गेला की हात वर, खाली आला की खाली, असं काही चाललेलं असेल तर तिथं लय, स्वर, जोर, थांबणं सगळं शिकवणं चालू आहे, फक्त वहीत दिसत नाही एवढंच. वहीत दिसत नाही म्हणून शेजारीण म्हणाली शिकवत नाहीत.

पेठेतल्या कडक सरांबद्दल बोलताना जरा जपून बोलतो, कारण आम्ही सगळे तसल्याच सरांच्या हाताखालनं आलोय आणि त्यांच्याशिवाय या गावात गाणं राहिलंच नसतं. हे थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांचं गाव, १८८३ सालचा देवल क्लब, गाण्याची जुनी संस्था, आपला, शिस्त कुणी शिकवायची आपल्याला? पण खाँसाहेबांचीच गोष्ट आठवा, तरुणपणी अमलेट्याच्या दरबारात अति गायला लागून आवाज बसला तो बराच काळ परत आला नाही, आणि आला तो वेगळाच, त्यातनं त्यांनी स्वतःची गायकी नव्यानं उभी केली. एवढ्या तयारीच्या माणसाचा गळा अति गाण्यानं गेला तर चार वर्षांच्या मुलाचा काय टिकणार. पंचवीस मुलं, फरशी नि सिमेंटच्या खोलीत, प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा मोठ्यानं, "आवाज मोकळा सोडा रे" म्हणून वरनं ओरडा, हे तासभर. क्लासमधनं आल्यावर मुलीचा आवाज बसलेला असेल तर तो क्लास बंद करा, आणि सर्दी-खोकला नसताना घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांच्या वर राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ओरडून ओरडून स्वरतारांवर गाठी येणं मुलांत अजिबात दुर्मीळ नाही.

डॉक्टरांवरनं आठवलं. कधीकधी मूल सुरात येत नाही कारण त्याला नीट ऐकूच येत नसतंय. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साचून राहतं, दुखत नाही, ताप नाही, पण सगळं पाण्यात बुडून ऐकल्यासारखं होतं, घरचे म्हणतात "लक्ष देत नाही." माझ्याकडच्या दोन मुलांचं असं निघालं. टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतो, हाक मारली की "आं?" करतो, आणि सूर कधी लागतो कधी नाही, असं असेल तर आधी कान तपासा, मग गुरुजी शोधा.

परीक्षांचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढं अलंकारपर्यंत जातात, वर्षातनं दोनदा असतात, मी स्वतः त्यातनंच गेलोय आणि मुलांना बसवतोही, पण आठ-नऊच्या पुढं. पाच वर्षांच्या मुलाला प्रारंभिकला बसवता येतं, रागाचं नाव, आरोह-अवरोह, तालाची माहिती पाठ करून ते पासही होतं. पण ते मूल राग गात नसतं, उत्तरं म्हणत असतं. मी पूर्वी बसवायचो, निकाल शंभर टक्के लागायचा माझाही, त्यातली किती मुलं पुढं गात राहिली हे मात्र मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. बहुतेकांनी प्रवेशिकेच्या, म्हणजे प्रारंभिकच्या पुढच्या परीक्षेच्या, आसपास सोडलं. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून घाई असते पालकांना, अहो दहावीला अजून अकरा-बारा वर्षं आहेत, तोवर दहा वेळा नियम बदलतील. आणि ज्यांनी ही गांधर्व महाविद्यालयाची परंपरा सुरू केली ते विष्णू दिगंबर आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे, १८७२ चा जन्म. वडील कीर्तनकार, म्हणजे पोरगं वाढलंच कीर्तनात. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून मग मिरजेला बाळकृष्णबुवांकडं रीतसर शिकायला गेले. आधी वर्षानुवर्षं कानावर, मग तालीम. परीक्षा काढणाऱ्याचं स्वतःचं बालपण असं गेलंय हे आपण विसरतो.

अकॅडमीचा कीबोर्ड. रंगीत स्टिकर लावलेल्या पट्ट्या, समोर रंगांचा तक्ता, मूल लाल-लाल-निळा दाबतं आणि ओळखीची चाल वाजते, आई व्हिडिओ काढते. यात डोळे शिकले, बोट शिकलं, कान झोपलेला. पारखून बघायचं असेल तर स्टिकर काढून टाका आणि म्हणा वाजव, नाहीतर म्हणा हेच गाऊन दाखव. वाईट काही नाही त्यात, खेळणं म्हणून छान, पण त्याला वर्षाची फी एकदम भरू नका. तसं कुठंच भरू नका, या वयात मुलं दोन महिन्यांत मन बदलतात आणि तो त्यांचा हक्क आहे, महिन्याची फी घेणारा क्लास बघा. आणि हो, बाजारात लहान मुलांची ती रंगीत पट्ट्यांची झायलोफोन मिळतात, स्वस्तातली बरीचशी चक्क बेसूर असतात, मोबाईलवर ट्यूनरचं फुकट ॲप मिळतं ते लावून बघा आणि मगच घ्या. बेसूर खेळण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वाट्या बऱ्या, पाणी कमी-जास्त करून चमच्यानं वाजवल्या तर जलतरंगच की तो.

नवऱ्याच्या तबल्याला माझा विरोध नाही, पण चार वर्षांच्या बोटांनी चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, "ना" काढायचा म्हणजे मनगट आवळून मारायचं, आणि ती आवळायची सवय पुढं सोडवायला जे लागतं ते मी तबल्याच्या सरांकडनं ऐकलंय. सहा-सातपर्यंत तोंडानं बोल म्हणू देत. धा धिं ना, धा तिं ना, दादऱ्याच्या सहा मात्रा म्हणत जिन्याच्या पायऱ्या चढायच्या, घरात जिना नसेल तर अंबाबाईच्या देवळाच्या पायऱ्या आहेत. बोल तोंडात पक्के बसलेलं पोरगं पुढं तबल्यावर सहा महिन्यांत ते करतं जे बाकीचे दोन वर्षांत करतात. आजोबांची पेटी मात्र घरात असेल तर जरूर काढा, शिकवायला नाही, मांडीवर नातीला बसवून स्वतः वाजवायला आणि गायला. आजोबांना येत नसेल तर भाता नातीला मारू द्या नि पट्ट्या आजोबांनी दाबायच्या, यापेक्षा चांगला पहिला धडा मला सुचत नाही.

ऑनलाइन या वयाला नको. आवाज जायला-यायला थोडा उशीर लागतो त्यामुळं बाई नि मूल एकत्र गाऊच शकत नाहीत, शिवाय कॉलचं सॉफ्टवेअर लांब लावलेला स्वर गोंगाट समजून कापून टाकतं. ज्या माणसानं ऐकायचं त्यालाच ऐकू येत नाही, तर मग राहिलं काय?

काही रुक्ष गोष्टी पण महत्त्वाच्या. वेळ अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातनं दोनदा, त्यापेक्षा जास्त नको, आणि त्या अर्ध्या तासातही दर पाच-सात मिनिटांनी काहीतरी वेगळं पाहिजे. मुलं सात-आठ, फारतर दहा. शाळा सुटल्या सुटल्या लगेच नको, भुकेलेलं मूल गात नाही. खोलीत सतरंजी, पडदे असतील तर आवाज घुमत नाही. आणि हे स्पष्ट विचारा, संकोच करू नका: क्लासच्या वेळी घरात आणखी कोण कोण असतं, दार उघडं राहतं का, बाथरूमला मुलाला कोण नेतं, मुलांचे व्हिडिओ काढून टाकतात का आणि तुम्हाला विचारून टाकतात का. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्याकडं विचारतात तेव्हा मला उलट बरं वाटतं.

घरी काय करायचं ते तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण क्लास आठवड्यातनं तास-दीड तास आणि घर बाकीचा सगळा वेळ. तुम्ही गा. "माझा आवाज चांगला नाही हो" हे मला प्रत्येक आई सांगते, तुमच्या मुलीला तुमच्या आवाजापेक्षा चांगला आवाज अजून जगात माहीत नाही. फक्त जरा वरच्या पट्टीत गा, आपण बायका हल्ली फार खाली गातो, आणि जरा सावकाश. अंघोळीला एक गाणं, जेवायला एक, झोपताना एक, तीच तीच, रोज, कंटाळा तुम्हाला येईल तिला नाही. ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्या, ती भरेल. तिनं चुकीचं म्हटलं तर दुरुस्त करू नका, तुम्ही बरोबर म्हणा, पुढच्या आठवड्यात ती आपोआप येते तिथं. पाहुण्यांसमोर "गाऊन दाखव बाळा" मात्र बंद. आणि दिवसभर मागं टीव्ही चालू असेल तर तो बंद करा, कान रिकामा असल्याशिवाय त्यात काही पडत नाही.

तर तुमच्या चारातलं माझं मत: तिसऱ्या बाईंकडं लागोपाठ दोन वेळा जाऊन बसा, एका वेळेला कुणीही चांगलं दिसतंय. वर सांगितलं तसं थांबणं, ऐकणं, पट्टी बदलणं दिसलं तर तिथं घाला. नाही दिसलं तर पेठेतल्या सरांना भेटा आणि सरळ विचारा की परीक्षा नको, दोन वर्षं नुसती गाणी शिकवाल का. कडक म्हणून ज्यांची ख्याती असते त्यातले निम्मे लोक बारक्या मुलांपुढं लोण्यासारखे वितळतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दोन्हीकडं जमलं नाही तर एक वर्ष कुठंच घालू नका, घरी गा, देवल क्लबमध्ये नाहीतर कुठंही छोटी मैफल असली की तिला घेऊन मागच्या रांगेत बसा, वीस मिनिटांत कंटाळली की उठून भेळ खायला जा.

आणि सासऱ्यांना सांगा, मिरजेला जाऊन तंबोरा आणायचा विचार असेल तर आत्ता नको, ती दहा वर्षांची झाली की तिलाच घेऊन जा, स्वतःचा भोपळा स्वतः निवडू दे. तोवर मोबाईलवरचा तानपुरा चालतोय, फक्त तो लावायच्या आधी तिला एक ओळ गायला लावा आणि तिचा सा जिथं आहे तिथं तो लावा.